तात्याबांच्या एकसष्टीत नानांचा सत्कार

कोऱ्हाळे बुद्रुकच्या तात्याबांनी आपल्या एकसष्टीच्या निवेदनासाठी पुण्याहून वल्लरी नावाची कुणी बाई ठरवली आहे, ही बातमी सांगवीत नानांच्या घरी पोहोचली तेव्हा नाना चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट चहातच राहिलं. नानांनी बायकोकडं, भागुबाईंकडं पाहिलं, काहीतरी सणसणीत बोलायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली आठवून परत मिटलं.

"जाऊ द्या की," भागुबाई म्हणाल्या. "जल्मभर बोंबललात, आता बसा निवांत."

भागुबाईंच्या मते हे सांत्वन होतं.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नानांच्या आवाजाशिवाय कुणाचं लग्न लागलं नव्हतं की कुणी सेवानिवृत्त झालं नव्हतं. तरुणपणी चौदा एप्रिलच्या जयंतीत ऐन वेळी माईक हातात आला, तो सुटलाच नाही. आवाज असा, की वीज गेली तरी मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा. लोकांच्या अंगात तो इतका मुरला होता की नानांनी "टाळ्या" म्हटलं की डुलक्या घेणाऱ्यांचे हातसुद्धा झोपेतच एकमेकांवर आपटायचे. सत्कार तर त्यांनी एवढे पुकारले होते की त्या सगळ्या शाली अंथरल्या असत्या तर नीरा नदी या काठापासून त्या काठापर्यंत झाकली गेली असती. स्वतः नाना मात्र कायम मंचावर असूनही मंचावरच्या खुर्चीत कधी बसले नव्हते. पुकारणारेच ते, मग त्यांचा सत्कार पुकारणार कोण?

दिवाळीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. गाठ साधीच होती, ऑपरेशन नीट झालं, पण आवाज परत येईल का, यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले. आणि डॉक्टर "बघू" म्हणाला की पेशंटला सगळं दिसतं. नाना दिवसेंदिवस खुर्ची अंगणात टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या वरातींकडं बघत बसू लागले.

एक आशा होती. त्यांची नात प्रियदर्शनी बारामतीला कॉम्प्युटर शिकत होती. ऑपरेशनच्या आधी तिनं नानांना कोठीच्या खोलीत बसवलं, भिंतींना गोधड्या लावल्या आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. स्वागत, सत्कार, आभार, शिवाय दोन्ही तालुक्यांतली झाडून सगळी नावं आणि आडनावं. अगदी सुरुवातीला आवाजाची चाचणी घ्यायची होती.

"नाना, कुणाचंही नाव घ्या," ती म्हणाली.

नानांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि गर्जना केली, "दत्तोबा म्हस्कू सोनवणे!" स्वयंपाकघरात भागुबाईंच्या हातातली भाकरी तशीच थांबली. नवऱ्याला स्वतःचं असं एक नाव आहे, हे त्यांनाही मध्यंतरी विसरायला झालं होतं.

या आवाजाला प्रियदर्शनीनं एका पेटीत बसवलं. तिच्या प्रोग्रॅममध्ये 'कार्यक्रम' नावाचा एक क्लास, म्हणजे एक साचा होता, तो बाप. लग्न, बारसं, एकसष्टी ही त्याची पोरं. सगळ्या समारंभांत जे सारखं असतं, म्हणजे दिवे, सनई, स्वागत, उत्सवमूर्तींचा सत्कार आणि फुलांचा वर्षाव, ते तिनं बापात लिहिलं होतं. पोरांना ते न लिहिता वारशानं मिळत होतं. पोरात फक्त ज्याचं त्याचं वेगळं. बारशाला पाळणा, एकसष्टीला औक्षण आणि गुळाची तुला. वर एक ओळ लिहावी आणि ती खालच्या सगळ्या पिढ्यांच्या अंगात आपोआप उतरावी, याचं प्रियदर्शनीला इतकं अप्रूप वाटायचं की कधी कधी ती नुसतीच स्क्रीनकडं बघत बसायची. आईला वाटायचं, पोरगी प्रेमात पडली. तसं ते खोटंही नव्हतं.

वल्लरीबाईंची बातमी आली त्याच दिवशी प्रियदर्शनी पेटी घेऊन तात्याबांकडं गेली. तात्याबा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी पेटीचा आवाज ऐकला आणि खुर्चीतून उठून पेटीच्या मागं कुणी बसलंय का ते पाहिलं.

"मानूस घरी आन् आवाज हितं? भुताटकी न्हाय ना गं?"

"नाही तात्या. प्रोग्रॅम आहे. एक संधी द्या. नाना घरी बसून बसून वाळायला लागलेत."

तात्याबांना नानांबद्दल माया होती. त्यांच्या स्वतःच्या लग्नात सुद्धा नानाच बोलले होते. पण एकसष्टी एकदाच होते, आणि इंदापूरहून त्यांचे व्याही रामराव येणार होते.

"बरं. लाव तुझी पेटी," ते शेवटी म्हणाले. "पर वल्लरीबाईला मी बाजूला तयार ठेवनार. पेटीनं घोळ घातला, तर मात्र नानाला सांग, आता कायमचा आराम कर. पुन्हा कुणी बोलवायचं न्हाय."

प्रियदर्शनीनं कसून तयारी केली. बाप तिनं आधीच तपासलेला होता. पोर तपासायचं तेव्हा मात्र नाना शेजारच्या खोलीत झोपलेले, म्हणून तिनं आवाज बंद ठेवून प्रोग्रॅम चालवला आणि शेवटी उत्सवमूर्तींचं नाव स्क्रीनवर पाहिलं. 'तात्याबा' असं स्वच्छ लिहून आलं. ती निश्चिंत झाली. जगातले बरेच घोटाळे आवाज बंद ठेवून तपासल्यामुळं झालेले आहेत.

एकसष्टीच्या संध्याकाळी तात्याबांच्या मळ्यात मांडव फुलला होता. मांडववाल्या कुशलनं पेटीला दिवे, सनई आणि फुलं उधळणारं यंत्र असं सगळं जोडून दिलं होतं. मंचावर मधोमध तात्याबा, एका हाताला त्यांची आई आक्का, दुसऱ्या हाताला व्याही रामराव. टेबलावरच्या तबकात शालींची चळत मानाच्या क्रमानं रचलेली. सगळ्यात वरची जरीकाठाची खास तात्याबांसाठी, तिच्याखालची रामरावांसाठी. नाना आणि भागुबाई शेवटच्या रांगेत बसले होते. 

प्रियदर्शनीनं बटण दाबलं. दिवे उजळले, सनई वाजली आणि मांडवभर तो आवाज पसरला.

"सज्जनहो!"

सगळा मांडव ताठ झाला. पाण्याची बाटली तोंडाला लावलेल्यांनी ती खाली घेतली. कित्येकांनी मागं वळून नानांकडं पाहिलं. नाना ओठ मिटून बसले होते आणि त्यांचा आवाज मंचावरून त्यांच्याशीच बोलत होता. भागुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता ज्या क्षणाची आपण सगळे आतुरतेनं वाट पाहतोय तो क्षण! आजचे उत्सवमूर्ती, आपल्या सगळ्यांचे लाडके..."

तात्याबा हात जोडून अर्धे उठले.

"...दत्तोबा म्हस्कू सोनवणे यांनी सत्कारासाठी पुढं यावं! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण नानांनी सांगितल्यावर तो व्हायचाच. टाळ्या वाजवता वाजवता लोक एकमेकांना विचारू लागले, "दत्तोबा कोण रं?" तात्याबा ना बसलेले ना उभे, अशा अवस्थेत अडकले होते.

"अवो, तुमीच की!" भागुबाईंनी नानांना कोपर मारलं. नानांनी जोरजोरात मान हलवली, हातानं नाही नाही केलं. पण आवाज पुन्हा म्हणाला, "पुढं यावं!" आणि नानांचे पाय आपोआप चालू लागले. जन्मभर लोकांना उठवणाऱ्या त्या आवाजापुढं खुद्द नानांचंही काही चाललं नाही.

"प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते शाल आणि श्रीफळ!"

रामरावांना प्रमुख पाहुणे एवढंच ऐकू आलं. ते उठले, तबकातली सगळ्यात वरची जरीकाठाची शाल उचलली आणि नानांच्या खांद्यावर घातली. वरून फुलं पडू लागली. तात्याबा ओरडले, "बंद कर! बंद कर गं!"

प्रियदर्शनीनं पेटी बंद केली. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. "तात्या, काहीतरी चुकलं असेल. पुन्हा पहिल्यापासून लावते."

नाना नारळ घेऊन चार पावलं परत गेले असतील नसतील, तोवर दिवे पुन्हा उजळले, सनई वाजली आणि आवाज आला, "सज्जनहो!" मांडव पुन्हा ताठ. पुन्हा तोच क्षण, पुन्हा तेच लाडके दत्तोबा म्हस्कू सोनवणे, पुन्हा टाळ्या. नाना वळून परत मंचावर आले. रामरावांनी पुढची शाल उचलली, म्हणजे स्वतःचीच, आणि मोठ्या आनंदानं नानांना घातली. दर खेपेला प्रमुख पाहुणे म्हणून उठायला मिळत होतं, त्यांची काही तक्रार नव्हती.

"माझी एकसष्टी हाय का ह्याची?" तात्याबांचा चेहरा लालबुंद झाला. "कुशल, त्या पेटीची वीज तोड! आन् वल्लरीबाई, या तुमी!"

कुशलनं घाईत मेन स्विचच खाली ओढला. दिवे गेले, पंखे थांबले. वल्लरीबाई ठेवणीतलं हसू घेऊन पुढं आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार मंडळी! कसे आहात सगळे?" पण विजेबरोबर माईकही गेला होता. पहिल्या रांगेनं "बरं हाय" म्हटलं, बाकीच्यांना काही ऐकूच आलं नाही.

"अरं, माईकला तरी वीज दे!" तात्याबा खेकसले. कुशलनं स्विच वर केला. वीज आली की आपणहून सुरू व्हायचं, अशी सोय प्रियदर्शनीनं पेटीत मोठ्या अभिमानानं केलेली होती.

"सज्जनहो!"

वल्लरीबाईंनी माईक खाली ठेवला. पुढं टाळ्या आल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. नंतर त्यांनी कुणाला तरी सांगितलं, की एवढ्या कार्यक्रमांत असला आवाज त्यांनी ऐकला नव्हता, हात थांबेचनात.

नाना आता मंचाच्या पायरीशीच उभे राहिले होते. तिसरी शाल पडली. तात्याबांनी पेटी उचलून विहिरीत टाकायच्या हिशोबानं हात पुढं केला, तेवढ्यात आक्कांनी काठी आपटली.

"थांब जरा. पोरी, ह्ये मशीन असं का करतंय, मला सांग."

प्रियदर्शनीनं पेटी होती तिथंच थांबवून ठेवली. ती रडवेली झाली होती. पण आक्कांचा प्रश्न ऐकला आणि मघापासून डोक्यात घोंगावणारं सगळं एकदम जागेवर बसलं. ती माईकसमोर आली.

"आक्का, कुठलाही नवा कार्यक्रम सुरू झाला, की त्याचा जन्म होताना जे करायचं ते आधी चालतं. त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. पण पोराचा चालायच्या आधी बापाचा पूर्ण चालावा लागतो. त्याशिवाय पोर जन्मालाच येत नाही. सत्कार मी बापात लिहिला, आणि तात्यांचं नाव पोरात. बापाचा सत्कार चालू असतो तेव्हा तात्यांचं नाव अजून यायचंच असतं. तिथं चाचणीचं नाव तसंच राहिलंय. नानांचं."

"म्हंजी पोराचं काय बी सुरू व्हायच्या आधी बापाचं?"

"हो."

"आन् बापाला बी बाप असला तर?"

"तर त्याचं त्याच्याही आधी. जो सगळ्यात वर, तिथून सुरू करून एकेक पिढी खाली येत येत शेवटी पोराची पाळी."

"पोरानं न्हाय म्हटलं तर?"

"म्हणताच येत नाही, आक्का. पोरानं वरच्याचं नावसुद्धा घेतलं नाही, तरी ते आपोआप वर जाऊन येतं."

मांडवातल्या माना पुढं झाल्या. आचारीसुद्धा हातात झारा घेऊन मागं येऊन उभे राहिले. त्या काळ्या पेटीकडं सगळे असे बघू लागले, जणू तिनं आत्ताच डोळे उघडले असावेत. प्रियदर्शनी वर्षभर हे पाठ करत होती, परीक्षेत लिहून मार्कही मिळवून बसली होती. पण एवढी माणसं एका ओळीपुढं अशी थक्क झालेली पाहून तिच्याच अंगावर काटा आला.

"वळण हाय गं बाई मशीनला," आक्का हळूच म्हणाल्या. मग त्यांनी नानांकडं निरखून पाहिलं. "म्हस्कूचा दत्तू व्हय रं तू? इतकी वरसं नुसता नाना नाना. तुझ्या बापानं ह्या मळ्यातली हीर खांदली. पाणी लागलं तवा तळात त्योच व्हता. त्या पाण्यावर ह्यो ऊस, आन् ह्या उसावर आमची एकसष्टी."

नाना तीन शालींच्या आत उभे होते. बोलायला मनाई होती हे बरंच झालं, नाहीतर जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सुचला नसता.

तात्याबांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मंग आता काय करायचं?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"काहीच नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "बापाचं संपत आलं की आपण दर वेळी मध्येच बंद करत होतो. आत्ता थांबवून ठेवलंय, तिथून पुढं चालू द्या. पुढचं तुमचंच आहे."

तिनं बटण दाबलं. फुलं पडून संपली, सनई थांबली आणि आवाज म्हणाला, "एकसष्ट दिव्यांनी औक्षण होत आहे, आपल्या दूध संस्थेचे चेअरमन, कोऱ्हाळ्याचे सुपुत्र, तात्याबा यांचं!" तात्याबांच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं, की बारशालाही फुटलं नसेल. औक्षण झालं, गुळाची तुला झाली, सगळं कसं रेघेवर.

फक्त एक गोष्ट राहिली. सत्कार बापातच खर्च झाला होता, आणि पेटी तो पुन्हा काही पुकारणार नव्हती. शेवटी नाना पुढं आले. त्यांनी अंगावरची जरीकाठाची शाल काढली आणि तात्याबांच्या खांद्यावर घातली. दुसरी रामरावांना दिली. तिसरी मात्र त्यांनी काढली नाही. तात्याबांनी नानांचा हात धरून त्यांना मंचावरच्या आपल्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः पंगतीत वाढायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं पहिलं काम केलं ते दुरुस्तीचं. चाचणीची ओळ काढून टाकली, आणि पोर आपलं नाव आधीच बापाकडं पाठवेल अशी सोय केली. या खेपेला तिनं आवाज चालू ठेवून, पुन्हा पुन्हा, सगळं तपासलं. नानांनी अंगणातून ते ऐकलं. स्वतःचं नाव आता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान डोलावली आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

पहिलंच बोलावणं आलं ते इंदापूरहून. रामरावांच्या थोरल्या मुलाचं शेतीच्या औषधांचं दुकान उघडायचं होतं. दुकानासमोर मांडव, निम्मा तालुका हजर. प्रियदर्शनीनं बटण दाबलं. दिवे लागले, सनई झाली, "सज्जनहो!" झालं, आणि आवाजानं अचूक नाव घेतलं, रामरावांच्या मुलाचं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.

"टाळ्या!"

कुणीच वाजवल्या नाहीत. असं आजवर कधी झालं नव्हतं. लोक एकमेकांकडं आणि मग शेवटच्या रांगेत बसलेल्या नानांकडं बघायला लागले. रामरावांचा मुलगा पुढं आला नाही. खुद्द रामराव हातात शाल घेऊन उभे होते.

"पोरी, सुरुवात कर की," ते म्हणाले.

"झाली की काका सुरुवात."

"नानांचं कुठं झालं?"

प्रियदर्शनीनं घाईघाईनं सांगितलं, "काका, ती चूक होती. मी काढून टाकली. आता बरोबर चालतंय."

"चूक?" रामराव मांडवाकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हंजी तात्याबांची एकसष्टी बापापासनं, आन् आमचं दुकान तेवढं बिनबापाचं उघडायचं व्हय?"

मांडवातून एकमुखानं "न्हाय न्हाय" असा आवाज उठला. प्रियदर्शनीनं लॅपटॉप जवळ ओढला. काढलेली ओळ होती तिथं परत लिहिली, आणि लिहिताना तिला अक्षरं नीट दिसत नव्हती. तिनं डोळे पुसून वर पाहिलं. नाना मंचाच्या पायऱ्या चढत होते. या खेपेला ते नाव पुकारायची वाट बघत बसले नव्हते.